भाषा एक म्हणजे रक्त एक?

तिरकस: "युरोपातल्या बहुतेक भाषा एका मुळातून आल्या, म्हणजे युरोपीय सगळे एकाच पूर्वजांचे," असं परवा कुणीतरी इथे ठोकून दिलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. हंगेरियन भाषेचे जवळचे नातलग सैबेरियात, ओब नदीकाठचे खांती आणि मान्सी. आजच्या हंगेरियन माणसाचा डीएनए मात्र शेजारच्या स्लोवाकांसारखाच. नवव्या शतकाअखेरी घोडेस्वार टोळ्या आल्या, भाषा ठेवून गर्दीत विरघळल्या.

पुणेरी_पाटी: हंगेरी हा अपवाद. २०१५ चा 'नेचर'मधला शोधनिबंध वाचायची तसदी घ्या. जर्मनीतल्या कॉर्डेड वेअर (दोरीच्या नक्षीची मडकी करणारी, सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीची संस्कृती) काळच्या सांगाड्यांत सुमारे तीन चतुर्थांश वंश स्टेपवरच्या, म्हणजे काळ्या समुद्राच्या उत्तरेकडच्या गवताळ पट्ट्यातल्या, याम्नाया या पशुपालक लोकांचा. माणसं आली तेव्हाच भाषा आली.

तिरकस: सांगाडे कुठली भाषा बोलत होते हे डीएनएत दिसतं वाटतं? स्पेन-फ्रान्स सीमेवरच्या बास्क पुरुषांत स्टेपवरून आलेला आर-१-बी हा बापाकडून मुलाकडे जाणारा वंश भरभरून आहे, भाषा मात्र इंडो-युरोपीय, म्हणजे त्या एका मुळातली, नाही. घ्या आता.

अश्दोदकर: वाद युरोपचा आहे, तरी राहवत नाही. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. आजी रेवदंड्याची. घरात मराठी, मालिद्याच्या (आमच्या आभारविधीच्या) ताटात पोहे, खोबरं आणि फळं, कीर्तनही मराठीतच. डीएनएत मात्र पश्चिम आशिया आणि भारत दोन्ही.

पुणेरी_पाटी: म्हणजे तुम्ही मुळात मराठी नाहीच.

अश्दोदकर: अहो, तुमचं प्रमाणपत्र मागितलं कुणी? शनिवारी शब्बाथ, तेलाचा घाणा बंद म्हणून कोकणात आम्हाला शनिवार तेली म्हणायचे. तेव्हा तुमचे पूर्वज कुठे होते, ते तरी ठाऊक आहे का?

खवचट_मावशी: झालं! आता कोण अस्सल मराठी यावर शंभर प्रतिसाद. माझं सासर तंजावरचं, तिथली मराठी ऐकून पुण्यातल्या नणंदेने नाक मुरडलं होतं, ते मी अजून विसरलेले नाही.

तिरकस: मावशी, नणंदेचा वेगळा धागा काढा ना.

पुणेरी_पाटी: बरं, बास्कांचं मान्य. पण एवढंच. उत्तर युरोपात भाषा स्थलांतराबरोबरच आली, यावर मी ठाम आहे.

तिरकस: आभारी आहोत. मग इटलीच्या सार्डिनिया बेटावाल्यांचंही सांगून टाका. बोलतात लॅटिनची लेक, वंश मात्र बव्हंशी नवाश्मयुगीन शेतकऱ्यांचा.

पुणेरी_पाटी: जेवून येतो.

खवचट_मावशी: पळाले.