अण्णांचा म्युनिक प्रवास: 'बाळीवेस परिवार' ग्रुपवरील चर्चा

मालूताई (सकाळी ६:५०): सर्वांना नमस्कार. दत्ता, काल संध्याकाळी सिद्धेश्वराच्या देवळात तुझ्या वरच्या मजल्यावरच्या वहिनी भेटल्या आणि "अण्णा बिअरच्या जत्रेला एकटेच जर्मनीला निघालेत, तुम्हाला ठाऊक असेलच" असे म्हणाल्या. मला ठाऊक नव्हते. सख्ख्या बहिणीला तुझी ही बातमी देवळाच्या पायरीवर परक्या बाईकडून कळावी, याचे मला फार वाईट वाटले. शिवाय हे सगळे पितृपक्षात होणार असेल, तर तुझ्या बायकोच्या, सरोजच्या, अविधवा नवमीच्या श्राद्धाचे काय, याचे उत्तर मला इथेच, सर्वांसमोर हवे आहे.

वसंत: ताई, मलाही आत्ताच समजते आहे. अण्णा, तुझे वय त्रेसष्ट आहे. २०१९ साली काशीला गेलास, तेव्हा मोबाईल धर्मशाळेत विसरलास आणि दोन दिवस आम्ही कसे काढले, ते तुला आठवत असेलच.

केदार: अण्णामामा, अभिनंदन! म्हणजे तिकडच्या गड्डा यात्रेला, म्युनिकच्या ऑक्टोबरफेस्टला, निघालात तर. पाळणे, मिठाईची दुकाने, गर्दी, सगळे तेच. फक्त तिथे एका वेळी एक लिटरचा मग देतात, म्हणजे आपल्या घरचा पाण्याचा तांब्याच.

मालूताई: केदार, सिद्धरामेश्वरांच्या यात्रेचे नाव या संदर्भात पुन्हा घेऊ नकोस. नंदीध्वजाला खांदा देणाऱ्या घरातला मुलगा आहेस तू.

केदार: चुकलो, आई.

श्रीनिवास (जावई): अण्णा, सविनय नमस्कार. माझा एकच मुद्दा आहे. या उत्सवाच्या दिवसांत म्युनिकमधील निवासाचे दर कित्येक पटींनी वाढतात. आधी निवासाची सोय निश्चित करावी, मगच विमानाचे तिकीट घ्यावे.

अण्णा (सकाळी ९:१५): ताई, वसंत आणि सर्वांना नमस्कार. पूजा आटोपून लिहायला बसलो, म्हणून उशीर झाला. ताई, तुला आधी सांगायला हवे होते, ही चूक माझी आहे आणि ती मी मान्य करतो. व्हिसा हातात आल्यावर तुझ्या घरी येऊन सांगायचे, असे मनाशी ठरवले होते. आता सगळे इथेच लिहितो.

हा उत्सव यंदा १९ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर २०२६ असा आहे. आपला गणपती १४ तारखेला बसतो आणि अनंत चतुर्दशी २५ ला आहे. घरचा गणपती सोडून मी कुठेही जाणार नाही. २६ च्या रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेसने मुंबई आणि २७ च्या रात्री मुंबईहून म्युनिकचे थेट विमान, असा बेत आहे. २८ सप्टेंबर ते १ ऑक्टोबर हे सोमवार ते गुरुवार, म्हणजे कमी गर्दीचे दिवस मी मुद्दाम निवडले आहेत. २ ऑक्टोबरला तिथून निघून ३ च्या संध्याकाळी मी सोलापुरात असेन. नवमी त्यानंतर आहे. सरोजचे पान मी स्वतः वाढणार आहे, त्यात तिळमात्र बदल होणार नाही.

मालूताई: तारखा जुळवल्यास, ते ठीक. पण पंधरवड्यात घरातला कर्ता पुरुष परदेशी बिअर पितो आहे, हे मनाला पटत नाही ते नाहीच. आणि मेधाला हे माहीत होते का, तेही समजू दे.

मेधा: आत्या, बाबांनी मला मार्चमध्ये सांगितले होते. त्यांनी स्वतः तुम्हाला सांगावे असे मला वाटत होते, म्हणून मी गप्प राहिले.

मालूताई: मार्चपासून. बरे.

सुमन: ताई, मेधावर रागावू नका. तिची कोंडी झाली असणार. भावोजी, मला एवढेच विचारायचे आहे की तुम्ही शाकाहारी माणूस, तिथे चार दिवस खाणार काय?

वसंत: खाण्याचे नंतर पाहू. आपल्या वाड्याची मागची भिंत दोन पावसाळे ओल धरून उभी आहे. मी जानेवारीत तिचा विषय काढला, तेव्हा "पाहू" असे उत्तर मिळाले होते. परदेशप्रवासाला मात्र पैसे आहेत.

अण्णा: वसंत, भिंतीचा माझा वाटा मी फेब्रुवारीतच तुझ्या खात्यात भरला आहे, पासबुक पाहावेस. हा प्रवास माझ्या ग्रॅच्युइटीच्या मुदतठेवीतून आहे.

वसंत: पाहिले. रक्कम आली आहे. गवंड्याला मीच उद्या बोलावतो.

श्रीनिवास: आपण सर्व ज्येष्ठ आहात, तरी नम्रपणे पुन्हा सांगतो की निवासाचा मुद्दा अद्याप अनुत्तरित आहे. निवासाच्या आरक्षणाशिवाय व्हिसाचा अर्जही पूर्ण होत नाही.

डॉ. अश्विनी: अण्णाकाका, मी ओपीडीत होते, आत्ता वाचले. भावनांचा भाग मोठ्यांनी पाहावा, मी औषधांचे बोलते. तुमच्या मधुमेहाच्या दोन गोळ्यांपैकी एक सल्फोनिल्युरिया गटातली आहे. ती घेणाऱ्याने रिकाम्या पोटी दारू घेतली, तर साखर एकदम खाली जाऊ शकते, आणि त्या वेळचे घाम येणे, बोलणे अडखळणे ही लक्षणे आजूबाजूच्यांना नशाच वाटते. त्या उत्सवातली बिअर साधारण सहा टक्क्यांची असते. एका लिटरमध्ये सुमारे ४७ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल झाले, म्हणजे आपल्याकडच्या ६५० मिलीच्या पाच टक्केवाल्या जवळजवळ दोन बाटल्या. तुम्ही सणासुदीला अर्धा ग्लास घेणारे आहात, तेव्हा संपूर्ण मग एकट्याने संपवण्याचा आग्रह धरू नका. आधी पोटभर खा, ग्लुकोजच्या गोळ्या खिशात ठेवा, मधुमेह असल्याचे इंग्रजीत लिहिलेले कार्ड पाकिटात ठेवा, आणि माझ्या सहीचे प्रिस्क्रिप्शन व औषधे हातातल्या बॅगेत असू द्या.

अण्णा: अश्विनी, तुझे प्रत्येक वाक्य वहीत उतरवून घेतले. तिथे अल्कोहोलविरहित बिअरही मिळते, हे मी आधीच पाहून ठेवले आहे. एक दिवस खरी आणि एक दिवस ती, असे करेन. मंडपातल्या बाकावर बसून अर्धा मग प्यायलो, तरी माझे काम झाले.

डॉ. अश्विनी: आणि विमा काढताना मधुमेह लपवू नका. जर्मनीसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण लागते, पण बहुतेक पॉलिसींमध्ये नशेत झालेला अपघात वगळलेला असतो. ते कलम स्वतः वाचा. एजंटवर सोडू नका.

मालूताई: अश्विनीने एवढे धोके सांगितले, तरी दत्ता एकटाच जाणार. मी पुन्हा लिहिते, सोबत कोणीतरी हवे. केदार का जाऊ शकत नाही?

केदार: आई, मला सप्टेंबरअखेरीस रजा मिळत नाही, तिमाहीचा हिशेब असतो. मामा, एक उपयोगाची गोष्ट सांगतो. तिथे वीस बाय पंधरा बाय दहा सेंटिमीटरपेक्षा मोठी, म्हणजे तीन लिटरहून अधिक मापाची पिशवी आत नेऊ देत नाहीत. तुमची शबनम चालणार नाही. आणि तुम्ही खिशात ठेवता ते फीलर गेज, म्हणजे बारीक फटी मोजायच्या पात्यांचा जुडगा, कृपया खोलीवरच ठेवा. त्या पोलादी पात्या सुरक्षा तपासणीत अडतील.

सुमन: फीलर गेज म्हणजे कारखान्यातले ते, साहेबाने दिलेले?

अण्णा: होय, सुमन, तेच. आता ते निघालेच आहे, तर सांगतो. १९९४ साली एमआयडीसीतल्या आमच्या टॉवेलच्या कारखान्यात नवे जर्मन माग आले, तेव्हा ते बसवायला आलेला अभियंता तीन आठवडे माझ्याबरोबर होता. त्याला मराठी येत नव्हते, मला जर्मन येत नव्हते आणि दोघांचेही इंग्रजी तुटके होते, पण मागाचा खडखडाट ऐकून कुठल्या बाजूला किती अंतर राहिले आहे, ते दोघांनाही एकाच वेळी कळायचे. सरोजने डब्यात दिलेली कडक भाकरी तो मागाच्या चौकटीवर टेकवून मुठीने मोडायचा आणि शेंगाचटणीला तेल जास्त घालायला सांगायचा. जाताना त्याने ते गेज माझ्या हातात ठेवले आणि त्याच्या डबीच्या झाकणावर आतून पेन्सिलीने "म्युनिक, सप्टेंबर" असे लिहून दिले. पेन्सिल आता पुसट झाली आहे, पण उजेडात तिरके धरले की वाचता येते.

ते सरोजने पाहिले होते. २०१९ साली आम्ही दोघांनी पासपोर्ट काढले आणि २०२० च्या सप्टेंबरात जायचे ठरवले. कोरोनामुळे त्या वर्षी उत्सव रद्द झाला, २०२१ सालीही झाला नाही आणि नंतर तिचे दवाखाने सुरू झाले. तिचा पासपोर्ट कपाटात माझ्या पासपोर्टाखालीच आहे, त्यात एकही शिक्का नाही. ताई, तू सोबत कोणीतरी ने म्हणतेस, ते मायेपोटी म्हणतेस हे मला कळते. पण तिच्या जागी दुसऱ्या कोणाला शेजारी बसवून नेण्याचे माझ्या मनात येत नाही. म्हणून एकटा जातो आहे.

सुमन: भावोजी, हे आम्हाला कधीच सांगितले नाहीत.

वसंत: मलाही माहीत नव्हते.

श्रीनिवास: अत्यंत हृद्य. तथापि निवासाबाबत आपण काय ठरवले, हे कृपया कळवावे.

मेधा: श्रीनिवास, बाबांना जरा बोलू द्या ना.

श्रीनिवास: मी काळजीपोटीच विचारत आहे. घरातल्या जावयाने काही विचारूच नये, असे असेल तर मी थांबतो.

अण्णा: जावईबापू, तुम्ही विचारता ते योग्यच आहे, थांबू नका. उत्तर द्यायचे माझ्याकडूनच राहिले. मी म्युनिकमध्ये राहणारच नाही. ऑग्सबुर्गला राहतो आहे, चारही रात्रींचे आरक्षण झाले आहे आणि ते रद्द करता येण्याजोगे आहे. तिथून लोकलसारख्या गाडीने साधारण पाऊण तासात म्युनिक येते. बायर्न-टिकेट नावाचे दिवसभराचे तिकीट मिळते, ते कामाच्या दिवशी सकाळी नऊनंतर चालते. उत्सवाचे मंडप सोमवार ते शुक्रवार दहा वाजता उघडतात, त्यामुळे वेळ जुळते. म्युनिकच्या मुख्य स्थानकापासून ते मैदान, टेरेझिएनविझे, पायी पंधरा मिनिटांवर आहे. मंगळवारी संध्याकाळी सातपर्यंत पाळण्यांचे दर कमी असतात आणि मुलेबाळे घेऊन कुटुंबे येतात, म्हणून मी मंगळवार व गुरुवार ठेवले आहेत. दिवस मावळायच्या आत मैदान सोडायचे, असा माझा नियम आहे.

केदार: पण मामा, मंडपात टेबलाचे आरक्षण लागते ना?

अण्णा: ते आठ-दहा जणांच्या संपूर्ण टेबलाचे असते. एकट्याला ते नकोच. आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी गेले की बिनआरक्षित बाकावर जागा मिळते. मात्र बसायला जागा मिळाल्याशिवाय मंडपात बिअर देत नाहीत, उभ्याउभ्या नाही. मैदानात शिरायला पैसे पडत नाहीत. गेल्या वर्षी एका लिटरला साडेचौदा ते पंधरा युरो ऐंशी सेंट इतका दर होता, त्यामुळे, वसंत, उधळपट्टी करायची म्हटली तरी होणार नाही. आणि बिअर फक्त म्युनिकच्याच सहा भट्ट्यांची असते, बाहेरच्या कोणाला तिथे परवानगी नाही.

वसंत: आणि हा प्रकार मुळात सुरू कसा झाला? बिअरसाठीच?

अण्णा: नाही, लग्नापासून. १८१० च्या १२ ऑक्टोबरला बव्हेरियाचा युवराज लुडविग आणि राजकन्या थेरेसा यांचा विवाह झाला. त्याप्रीत्यर्थ काही दिवसांनी घोड्यांची शर्यत ठेवली होती आणि पुढे तीच जत्रा दरवर्षी भरू लागली. टेरेझिएनविझे म्हणजे थेरेसाचे कुरण.

मालूताई: म्हणजे मैदानाला नाव नवरीचे आहे.

अण्णा: होय, ताई. आणि बुधवार मी ऑग्सबुर्गसाठी ठेवला आहे. तिथे जुन्या लोकरीच्या सूतगिरणीच्या इमारतीत २०१० साली वस्त्रोद्योगाचे संग्रहालय उघडले आहे आणि जुन्या मागांवर आजही कापड विणून दाखवतात. आपले वडील लक्ष्मी-विष्णू गिरणीच्या भोंग्यावर उठले आणि भोंग्यावर झोपले. ती गिरणी बंद झाल्यावर ते गल्लीच्या तोंडाशी जाऊन उगाच उभे राहायचे, हे तू माझ्यापेक्षा जास्त पाहिले आहेस. गिरण्या बंद झालेल्या दुसऱ्या एका गावाने आपले माग कसे जपले, ते मला डोळ्यांनी पाहायचे आहे.

(दुपारी ३:४०)

सुमन: भावोजी, मी शेंगाचटणी आणि कडक भाकरी बांधून देते. तुपाचा डबा आणि पेढेही देऊ का?

अण्णा: चटणी आणि भाकरी जरूर दे. दुधाचे पदार्थ आणि मांस बाहेरून युरोपात नेता येत नाही, म्हणून तूप, पेढे, खवा काहीही नको. मंडपात ब्रेत्सेल नावाचा मीठ लावलेला मोठा पाव आणि चीज घातलेल्या शेवयांसारखा एक पदार्थ मिळतो, त्यावर माझे भागेल.

केदार: आणि मामा, तिथला बिअरचा मग पिशवीत घालून आणू नका, ती चोरी धरतात. हवाच असेल तर दुकानात विकत मिळतो.

मेधा: बाबांची व्हिसाची वेळ पुढच्या गुरुवारी पुण्यात आहे. बोटांचे ठसे द्यायचे आहेत, म्हणून त्यांना स्वतः यावे लागेल. शुल्क ९० युरोंइतके रुपयांत भरायचे आहे. निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात, पण गर्दीच्या दिवसांत जास्तही, म्हणून आम्ही आत्ताच अर्ज करतो आहोत. आत्या, त्या दिवशी तुम्हीही बाबांबरोबर पुण्याला या, अशी माझी मनापासून विनंती आहे.

श्रीनिवास: निवासाचा मजकूर आत्ता वाचला. मध्ये माझ्याकडून सुटला होता, क्षमस्व. ऑग्सबुर्गची योजना उत्तम आहे. आरक्षणाची प्रत मात्र ग्रुपवर ठेवावी. परतीच्या शेवटच्या गाडीची वेळही ठेवावी.

अण्णा: दोन्ही आज रात्री टाकतो. तिथल्या आपत्कालीन सेवेचा क्रमांक ११२ आहे, तोही सर्वांनी लिहून ठेवावा.

मालूताई (रात्री ९:०५): दत्ता, दिवसभर वाचत होते. पंधरवड्यात पिणे मला अजूनही मान्य नाही आणि ते मान्य आहे असे मी लिहिणार नाही. सरोजचा पासपोर्ट बरोबर ने. तुला तपासणीत कोणी विचारले, तर काय सांगायचे ते तू पाहा. आणि रोज फोन करायचा. तिकडची वेळ आपल्यामागे किती आहे?

अण्णा: साडेतीन तास, ताई. मी तिथले पाच वाजले की लावेन, म्हणजे तुझे साडेआठ होतील, तुझे जेवण आटोपलेले असेल. पासपोर्ट नेतो.

मालूताई: साडेआठला मी फोन घेऊन बसेन. उचलायला उशीर झाला, तर पुन्हा लाव.