गांडूळ मेलं म्हणजे जंत मेले का?

गिरणगावकर
भाचीचा बी. फार्मसीचा प्रोजेक्ट बघितला. बशीत गांडुळं, वरून वावडिंगाचा अर्क, हातात घड्याळ. कितव्या मिनिटाला लुळं पडलं, कितव्याला मेलं. शेजारच्या बशीत तुलनेला अल्बेंडाझोल, म्हणजे जंतांचं नेहमीचं औषध. निष्कर्ष: 'जंतांवर गुणकारी'! अहो, गांडूळ वलयांचा प्राणी, पोटातला नेहमीचा जंत गोलकृमी. कूळच वेगळं. मीठ टाकलं तरी गांडूळ मरतंच की. पोरांना 10 फेब्रुवारीला शाळा-अंगणवाडीत जंतांची गोळी फुकट मिळते, ती द्या आणि मोकळे व्हा.

माझगावची सून
मिठावर हसले, कबूल. पण आमच्या सासूबाई तान्ह्या बाळाला वावडिंग घालून उकळलेलं दूध द्यायच्या, त्यांच्या आईही द्यायच्या. सगळ्या वेड्या? मलेरियाचं आर्टेमिसिनिन तरी कुठून आलं? जुन्या चिनी पोथीतूनच ना? चिनी शास्त्रज्ञ तू यूयू बाईंना 2015 चं नोबेल मिळालं त्यावर.

गिरणगावकर
मग गोष्ट अर्धीच का सांगता? उकळून काढलेला अर्क नीट चालेना, म्हणून बाईंनी कमी तापमानाला ईथरमध्ये काढला. आधी प्राण्यांना दिला, मग स्वतः प्यायल्या, मग रुग्णांना. पोथीने फक्त दार दाखवलं.

गोठ्यातला डॉक्टर
जनावरांचा डॉक्टर आहे, दोघांशी भांडतो.

सूनबाई, वावडिंगातलं मुख्य द्रव्य एम्बेलिन. ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. म्हणजे नुसत्या वावडिंगाच्या पाण्यात ते कितीसं उतरणार? दुधातल्या स्निग्धांशात जास्त उतरतं का, हे मोजण्यासारखं आहे. सासूबाईंची पद्धत म्हणूनच मला टाकाऊ वाटत नाही. पण प्राण्यांवरच्या प्रयोगांत एम्बेलिनचा प्रजननक्षमतेवर परिणाम दिसलाय. 'झाडपाला म्हणजे निरुपद्रवी' हे डोक्यातून काढा.

गिरणगावकर, 'गोळी द्या आणि मोकळे व्हा' हे शेळ्या-मेंढ्यांत करून बसलोय आम्ही. त्याच त्या औषधांना हिमोंकस जुमानेनासा झालाय. हा मेंढीच्या चौथ्या पोटात रक्त पिणारा जंत. मादी लाल-पांढऱ्या पिळाची, न्हाव्याच्या दुकानाबाहेरच्या खांबासारखी. माणसातही चाबूककृमीवर अल्बेंडाझोलचा एकच डोस लंगडा पडतो. नवी औषधं लागणारच.

गांडुळावर थांबू नये हे मात्र बरोबर. कत्तलखान्यात मेंढीच्या पोटातून खरा हिमोंकस मिळतो, तो कोमट सलाइनमध्ये जिवंत ठेवून अर्क लावता येतो. त्याची अंडी उबतात की नाही तेही बघा. मग जिवंत जनावर: औषधाआधी आणि नंतर दहा-चौदा दिवसांनी लेंडीतली अंडी मोजायची, आणि एक कळप बिनऔषधाचा ठेवायचा. पोटात जंताभोवती शेण-चारा असतो, औषध पातळ होतं, यकृत ते मोडून टाकतं. बशीतले कित्येक शूर अर्क इथे गारद होतात.

माझगावची सून
बरं, हरले अर्धी. पण तपासणार कोणते दाणे? दोन दुकानांतून आणले, एकातले लालसर, दुसऱ्यातले काळपट आणि मोठे.

गोठ्यातला डॉक्टर
हाच तर घोळ. वावडिंगाच्या नावाखाली त्याच्या जातभाईंची फळंही विकली जातात. वनस्पती कोणती ते आधी वनस्पतीशास्त्रज्ञाकडून ठरवून घ्या, अर्क नंतर.

गिरणगावकर
भाचीला विचारलं, दाणे कुठून आणलेस? म्हणते, 'कॉलेजजवळच्या दुकानातून. पाकिटावर वावडिंग लिहिलं होतं ना, मामा.'