चीन एका पारड्यात, जी-७ दुसऱ्या पारड्यात: तोलायचं नक्की काय?

शिरोलीकर
एकीकडे एकटा चीन, दुसरीकडे अमेरिका, जपान, जर्मनी, ब्रिटन, फ्रान्स, इटली, कॅनडा हे जी-७ देश. कारखानदारीत चीनने या सातांना केव्हाच मागे टाकलं, असं हल्ली सर्रास सांगितलं जातं. मला ते पटत नाही. उत्पादन मोजायच्या दोन रीती आहेत आणि त्यांतली सोयीची तेवढी उचलली जाते.

माझी शिरोली एमआयडीसीत मशिनिंगची शेड आहे. शेजारच्या फाउंड्रीतून (ओतशाळेतून) एक कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, ७०० रुपयांना येतं. आम्ही व्हीएमसीवर (संगणकावर चालणाऱ्या कटाई-यंत्रावर) त्याचं तोंड सपाट करून, भोकं आणि आटे पाडून ते पुण्याला ९०० ला देतो. एकूण उत्पादन म्हणून मोजलं तर फाउंड्रीचे ७०० आणि आमचे ९००, झाले १६००. वस्तू मात्र ९०० चीच! आम्ही घातलेली भर २०० ची, त्यातून वीज आणि टूलिंग (कटाईची हत्यारं) गेलं की दीडशे. या भरीलाच मूल्यवर्धन म्हणतात. जीएसटीत इनपुट क्रेडिट, म्हणजे कच्च्या मालावर भरलेल्या कराची वजावट, मिळते ती याच हिशोबाने.

चीनमध्ये खाणीपासून मोटारीपर्यंतची साखळी देशातच आहे, त्यामुळे प्रत्येक टप्प्यावर तोच माल पुन्हा मोजला जातो. एकूण उत्पादनात चीनचा जगातला वाटा साधारण ३५ टक्के दिसतो. मूल्यवर्धनाने मोजा, तो ३० च्या आसपास येतो. अमेरिका १६-१७, जपान ६-७, जर्मनी ५ धरून सातांची बेरीज केली तर पारडी जवळपास बरोबरीला येतात.

भट्टीवाला
दादा, हिशोब बरोबर आहे, निष्कर्ष नाही. मूल्यवर्धन डॉलरमध्ये मोजतात. जर्मनीतला पगार जास्त, म्हणून तिथल्या तासाची किंमत जास्त. त्याने लोखंड जास्त वितळत नाही. २०२३ मध्ये जगात साधारण १८९ कोटी टन पोलाद झालं, त्यातलं १०२ कोटी टन चीनचं. दुसरा नंबर आपला, १४ कोटी टन. जहाजांचंही तसंच, निम्म्याच्या आसपास बांधणी तिथेच.

२०२० चा मार्च-एप्रिल आठवा. जी-७ मधले श्रीमंत देश साध्या मास्कसाठी चीनच्या दारात उभे होते. अडीनडीला देशाच्या हाताशी काय आहे, ते टनांतच कळतं.

मावळतीचा_वारा
दोघांनीही माणसं मोजली नाहीत. चीनची लोकसंख्या १४१ कोटी, जी-७ ची सगळी मिळून ८० कोटींच्या आत. आणि मला खरी कळ लागते ती आपल्या आकड्याची. साडेआठ कोटींचा जर्मनी जगाच्या ५ टक्के, आपण १४० कोटींच्या वर आणि वाटा ३ टक्क्यांच्या आसपास. २०१४ ला ‘मेक इन इंडिया’ सुरू झालं तेव्हा कारखानदारी जीडीपीच्या २५ टक्क्यांवर न्यायचं ठरलं होतं. जागतिक बँकेच्या आकड्यांत आपण अजून १३ च्या आगेमागे आहोत. आयटीआय करून पोरं डिलिव्हरीच्या गाडीवर बसतात, हे मी रोज बघतो.

शिरोलीकर
@भट्टीवाला, पोलादाचं मान्य. पण नुसती जुळणी म्हणजे उत्पादन नव्हे. २००९ च्या आयफोनचा हिशोब अभ्यासकांनी मांडला होता: बनवायला १७९ डॉलर लागणाऱ्या फोनमध्ये चीनमधल्या जुळणीचे फक्त साडेसहा डॉलर. बाकीचे पैसे जपान, जर्मनी, कोरिया, अमेरिकेच्या सुट्या भागांचे.

भट्टीवाला
आणि त्या साडेसहा डॉलरवर ते थांबले का? जुळणी करता करता हात बसला, मग सुटे भाग बनवणारे आजूबाजूला येऊन बसले. आज विजेवरच्या गाड्यांच्या बॅटऱ्यांत जगातली सर्वांत मोठी कंपनी चिनी आहे. तुमच्या मूल्यवर्धनाच्या तक्त्यात २००९ साली हे कुठे दिसलं असतं? आपल्याकडे आता फोनची जुळणी होते, तिला ‘नुसती जुळणी’ म्हणून हिणवू नका. सुरुवात तिथूनच होते.

शिरोलीकर
हिणवत नाही. माझीच शेड जॉबवर्कवर, म्हणजे दुसऱ्यांच्या मालावर काम करून देण्यावर, उभी आहे. पण माझ्या व्हीएमसीचा सांगाडा बेंगळुरूचा आणि कंट्रोलर, म्हणजे मशीन चालवणारा संगणक, जपानी. गेल्या पावसाळ्यात त्याचं एक इलेक्ट्रॉनिक कार्ड जळालं. सांगाडा, कास्टिंग, माणसं, ऑर्डर, सगळं जागेवर होतं, आणि मशीन अकरा दिवस उभं. तसं कार्ड बनवणारे जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. टनांत त्याचं वजन किती भरेल?

भट्टीवाला
पाव किलोही नाही. पण चीनवाले आता तो कंट्रोलरही बनवायला लागलेत, दादा.