कुत्र्याचं नाव रानातलं, शिवारातलं, आभाळातलं: तुमचे अनुभव सांगा

आपल्या सातारा-सांगली भागातली कुत्र्यांची जुनी नावं आठवून बघा. वाघ्या, मोत्या, खंड्या, काळू, तांबू. मधे टॉमी, टायगर आणि रॉकीचं राज्य आलं. आता पुन्हा घरात पिल्लू आलं की लोक विचारतात, "आपल्या मातीतलं काहीतरी सुचवा की." म्हणून हा धागा काढला. फूल, झाड, पक्षी, नदी, पाऊस, नक्षत्र, पीक, काहीही चालेल. नाव कसं सुचलं, घरातलं कोण अडून बसलं, हाक मारायला ते सोयीचं पडलं का, हे सगळं सविस्तर लिहा. नुसत्या नावांची यादी देऊ नका, अनुभव द्या.

माझं मत आधीच सांगते. पिल्लू यायच्या आधी नाव ठरवू नये. चार दिवस त्याला घरात वावरू द्यावं, बाहेर काय फुललंय, शेतात काय उभं आहे ते बघावं, मग नाव ठेवावं. असं ठेवलेलं नाव त्या कुत्र्याला शोभतं आणि घरच्यांच्या तोंडीही पटकन बसतं. सुरुवात मीच करते.

सातारा

आमची कुत्री सोनकी. भाद्रपदात यवतेश्वरच्या घाटात मिळाली, तेव्हा दोन्ही बाजूंचे उतार सोनकीनं पिवळे झाले होते. पिल्लाचा रंगही तसाच, कानाच्या टोकांना जरा गडद. मी जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे कासच्या पठारावरची सगळी फुलं त्या आठवड्यात आमच्या जेवणाच्या ताटाशी येऊन गेली. मुलाला 'तेरडा' हवं होतं. ते नावही चांगलं आहे, पण तेरड्याचा रंग तीन दिवस ही म्हण आमच्या सासूबाईंच्या मनातून जाईना. 'गेंद' मला फार आवडलं होतं. पांढरं, गोल, गुबगुबीत पिल्लू असेल तर त्यासारखं नाव नाही. 'सीतेची आसवं' हे फुलाचं नाव म्हणून कितीही सुंदर असलं तरी हाकेला चालत नाही, आणि दाराशी उड्या मारणाऱ्या जिवाला ते द्यावंसंही वाटत नाही. 'कारवी' अजून कुणी ठेवलेलं ऐकलं नाही. टोपली कारवी साधारण सात वर्षांनी एकदा फुलते. अशा फुलाचं नाव कुणीतरी जरूर ठेवावं. पश्चिम घाटाबरोबर कास 2012 साली जागतिक वारसा यादीत गेलं, पण तिथल्या फुलांची नावं आपल्या रोजच्या बोलण्यात यायची राहिलीत. सोनकीमुळे आमच्या गल्लीतल्या सगळ्या पोरांना निदान एक फूल ओळखता येतं.

मेढा, ता. जावळी

आमची मैना. अंगभर काळी, कपाळावर पांढरा ठिपकासुद्धा नाही. मे महिन्यात करवंदाच्या जाळीखाली सापडली. एस.टी. स्टँडवर पानाच्या द्रोणात करवंदं विकणाऱ्या बायका "डोंगरची काळी मैना" असं ओरडतात ना, तेच नाव आईनं ठेवलं. दुसऱ्या कुणाला विचारलंच नाही.

तासगाव

आमच्या बेदाणा शेडवर रॅकच्या खाली एका कुत्रीनं पिल्लं घातली. मार्च महिना, वर जाळीवर द्राक्षं वाळत होती आणि खाली ही चार पिल्लं. त्यातलं सगळ्यात बारीक, सुरकुतलेल्या कपाळाचं आणि तपकिरी रंगाचं जे होतं त्याला शेडवरच्या बायकांनी 'बेदाणा' म्हणायला सुरुवात केली. घरी आणल्यावर त्याचा 'बेद्या' झाला.

पण एक गोष्ट इथं कळकळीनं सांगायची आहे. नाव बेदाणा असलं तरी त्याला बेदाणा कधी चारू नका. द्राक्षं आणि बेदाणे दोन्ही कुत्र्यांना विषारी. त्यानं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं आणि किती खाल्ल्यावर त्रास होईल याचा काही नेम नसतो. एखाद्याला थोडक्यातही बाधतं. आमच्या जनावरांच्या डॉक्टरांनी पहिल्याच लसीच्या वेळी हे बजावलं. आमच्या भागात तर घरोघरी पोत्यानं माल असतो, पोरं मूठभर बेदाणे खिशात घेऊनच फिरतात. तेव्हा शेडवर कुत्रं असेल तर खाली पडलेला माल रोजच्या रोज झाडून उचला. आम्ही बेद्याला निवडणीच्या दिवसांत तिकडं सोडतच नाही.

म्हसवड, ता. माण

आमच्याकडं मेंढरं हायेत. कुत्र्याशिवाय आमचं भागत न्हाई, माळावर लांडगा कधी यील सांगता येत न्हाई. आमच्या कुत्रीचं नाव टिटवी. म्हातारी लई चिडली होती. टिटवी रात्री वरडली की वाईट बातमी येती, असलं नाव दारात नको म्हणाली. मी म्हणलं, आई, टिटवीचं घरटं कुठं असतं? उघड्या माळावर, खड्यांत. झाड न्हाई, आडोसा न्हाई. कोल्हा येऊ दे न्हाईतर माणूस येऊ दे, ती आधी वरडती, डोक्यावर घिरट्या घालती, पंखानं झोडपायला बघती. अंडी सोडून पळत न्हाई. राखणीला तिच्यासारखं कोण हाय? शिवाय टिटवीनं उंचवट्यावर अंडी घातली की पाऊस चांगला, असं हीच म्हातारी दरसाल सांगती. मग गप बसली.

आता कुत्री बी तशीच निघाली. मेंढरांच्या वाड्यावर रात्री जरा पाला हलला तरी पहिला आवाज तिचाच. वाऱ्यात नाव लांबवर जातंय. "टिटेऽऽ" अशी हाक मारली की पल्याडच्या टेकाडावरनं पळत येती.

जत

शिकारी जातीची कुत्री आहे, आमच्याकडं कारवानी म्हणतात. लांब तोंड, आत ओढलेलं पोट आणि पळताना पाय दिसत नाहीत. नाव ठेवलं 'वावटळ', पण बोलता बोलता 'वावी' झालं. नवीन लोकांना माझं एवढंच सांगणं आहे की नाव ठेवताना त्याचं तोडकं रूप काय होणार ते आधी म्हणून बघा. शेवटी हाक त्याच नावानं मारली जाते.

क्षेत्र माहुली

कृष्णा आणि वेण्णेच्या संगमावर आमचं गाव. इथं नदीकाठी साताऱ्याच्या थोरल्या शाहू छत्रपतींच्या लाडक्या कुत्र्याची, खंड्याची समाधी आहे. शिकारीत वाघ अंगावर आला तेव्हा या कुत्र्यानं महाराजांना सावध केलं, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. राजाराण्यांच्या समाध्या जिथं आहेत, तिथं कुत्र्याचीही आहे. लहानपणापासून ते बघत आलो, त्यामुळे घरात कुत्रा आला की नाव खंड्याच असणार हे ठरलेलं होतं. माझी लेक म्हणाली, आपला खंड्या मात्र पक्ष्याचा. घाटाच्या पायरीवरून रोज सकाळी निळा खंड्या पाण्याकडं टक लावून बसलेला दिसतो. आमचं पिल्लूही पाण्याशी तसंच बसायचं, मासा हलला की मान वळवायचं. वडिलांना समाधीचा खंड्या हवा होता, लेकीला पक्ष्याचा, आणि हाक एकच. पालीला खंडोबाच्या यात्रेला गेलो तेव्हा तिथले लोकही नाव ऐकून खूश झाले.

नदीच्या नावाबद्दलही थोडं लिहितो. भावाला 'वेण्णा' ठेवायचं होतं. गोड नाव आहे, पण घरातल्या मोठ्या माणसांना ते रुचलं नाही. ज्या पाण्याची ओटी भरतो त्याच नावानं उद्या "हाड, बाहेर हो" म्हणायचं का, असं आजीनं विचारलं. मला तिचं म्हणणं पटलं. कृष्णा, तुळस, बेल ही नावं आमच्याकडं तरी कुणी ठेवू नयेत. निसर्गात नावांना काय तोटा आहे?

सांगली

आम्ही आकाश बघणारी मंडळी. हिवाळ्यात संध्याकाळी आग्नेयेला जो सगळ्यात तेजस्वी तारा दिसतो तो व्याध. आपल्यापासून साधारण 8.6 प्रकाशवर्षं लांब. तो बृहल्लुब्धक या तारकासमूहात येतो आणि पाश्चात्त्य लोक त्याला कुत्र्याचा तारा म्हणतात. म्हणून आधी 'व्याध' ठरवलं होतं. पण शेजारच्या चिमुकल्यांना ते म्हणता येईना. मग मृगाच्या पोटातल्या तीन ताऱ्यांकडं वळलो. व्याधानं हरणाला मारलेला बाण तो हाच. कुत्र्याचं नाव झालं बाण. सुटतोही तसाच.

कऱ्हाड

मी जनावरांचा डॉक्टर आहे. लसीच्या कार्डावर नाव लिहिताना रोज नवीन नावं भेटतात आणि हल्ली त्यांत पळस, बहावा, रानू, मका, शाळू अशी आपली नावं दिसतात, याचा मला फार आनंद होतो. सगळ्यांना सांगतो तेच इथं लिहितो.

दोन अक्षरांचं किंवा फार तर तीन अक्षरांचं नाव कुत्र्याला लवकर कळतं. शेवटी आ, ई, ऊ असा लांबवता येणारा स्वर असला तर उसाच्या फडापलीकडंही हाक पोचते. नाव आणि हुकूम एकमेकांसारखे वाटू नयेत. एका घरी 'पळस' होता. मालक "पळस" म्हणाले की तो खाली बसायचा, कारण त्याला त्यातलं "बस" तेवढं ऐकू यायचं. त्यांनी 'पळशा' केलं आणि काम झालं. घरातल्या किंवा शेजारच्या माणसाच्या नावाशी जुळणारं नाव टाळा, हे तर सांगायलाच नको.

नाव शिकवायचं कसं, तर हाक मारायची, त्यानं मान वळवली की लगेच भाकरीचा तुकडा द्यायचा. दिवसातून थोडा थोडा वेळ, आजूबाजूला गडबड नसताना. नाव घेऊन ओरडायचं मात्र नाही. चप्पल फाडली म्हणून तुम्ही "सोनकी!" असं खेकसलात, तर पुढं त्या हाकेला ती जवळ यायची नाही. रस्त्यावरचं मोठं कुत्रं दत्तक घेतलं असेल आणि जुनं नाव माहीत नसेल तरी काळजी नको. मोठ्या वयातही ते नवीन नाव शिकतं.

बागेचंही बघा. नाव फुलाचं ठेवता आणि कुंपणाला कण्हेर लावता, असं करू नका. कण्हेरीचं पान, फूल, काडी सगळंच विषारी असतं आणि पिल्लू तर दिसेल ते चावतं.

मायणी, ता. खटाव

आमचा होला. रंग होला पक्ष्याचा आणि स्वभावही तसाच गरीब. बाकी काही नाही, धागा वाचून लिहावंसं वाटलं.

वाळवा

ताई, मला नाव हवंय. ऊसतोड सुरू असताना फडात पिल्लू सापडलं. मादी आहे, पांढरट रंग, पोटाकडं पिवळसर. उसाला तुरे आलेत, तिचं शेपूटही तसंच आहे, म्हणून 'तुरा' म्हणावं असं मला वाटतंय. पण आमचे आण्णा ऐकायला तयार नाहीत. उसाला तुरा आला म्हणजे वजन घटलं, ते नाव रोज कशाला घ्यायचं म्हणतात.

सातारा

आण्णांचं बरोबर आहे, त्यांना वाईट वाटेल असं नाव नको. त्यांनाच विचारा ना. उसातलंच, पण त्यांच्या मनाजोगतं काहीतरी सांगतील. डॉक्टर म्हणतात तसं शेवटी लांब स्वर असेल एवढं बघा.

वाळवा

विचारलं. 'कांडी' म्हणाले. लावणीची कांडी, तिच्यातनंच पुढचा ऊस उभा राहतो. आईला, मला, सगळ्यांनाच आवडलं. दोन अक्षरं आहेत, शेवटी ई आहे. कालपासून आण्णाच फडाच्या बांधावर उभं राहून "कांडे, ये गं" म्हणतात आणि ती जाते. शनिवारी लसीला नेणार आहे, कार्डावर हेच नाव लिहून घेते.