खंबायतच्या कबरशिळा : नाते सुलतानांचे की व्यापाऱ्यांचे?

दर्यावर्दी :
उत्तर सुमात्रातील समुद्र-पासै या सल्तनतीची राणी नहरासिया इ. स. १४२८ मध्ये (हिजरी ८३१) वारली, आणि तिच्या कबरीवरचा संगमरवर थेट गुजरातेतील खंबायतहून गेला. त्याआधी, १४१९ मध्ये, पूर्व जावातील ग्रेसिक येथे इस्लामचे आद्य प्रसारक मानले जाणारे मलिक इब्राहीम यांच्या कबरीवरही त्याच घडणीची शिळा बसली होती. कमानीच्या आत टांगलेला दिवा, कडेने वेलबुट्टी आणि कुराणातील आयती अशी ही मांडणी खंबायतेतील उमर अल-काझरूनी यांच्या १३३३ च्या कबरीशी इतकी मिळतीजुळती आहे, की डच अभ्यासक मोकेट यांनी १९१२ मध्येच या शिळांचे मूळ तिथे असल्याचे दाखवून दिले.

नहरासियाच्या शिळेवर तिची वंशावळ पासैचा पहिला सुलतान मलिक अल-सालिह याच्यापर्यंत कोरलेली आहे. असा मजकूर तयार मालावर आधीपासून असू शकत नाही. तो पासैहून कुणीतरी कळवला असला पाहिजे. ग्रेसिकची शिळा आणि ही शिळा, दोन्ही गुजरातच्या अहमदशहाच्या कारकिर्दीतल्या (१४११–४२) आहेत. माझ्या मते हा दोन सल्तनतींमधील संबंधांचा ठोस पुरावा आहे.

शिलालेखी :
आपला पुरावा खरा आहे, पण निष्कर्ष त्याच्या पुढे धावतो. काझरूनीची शिळा घडली तेव्हा खंबायत दिल्लीच्या अमलाखाली होती, आणि गुजरातची स्वतंत्र सल्तनत उभी राहिली ती १४०७ मध्ये. ज्या अहमदशहाकडे आपण बोट दाखवता, त्याच्या जन्माआधीच खंबायतचे पाथरवट परमुलखासाठी शिळा घडवत होते : दक्षिण अरबस्तानातील जफार येथे दफन झालेल्या, चौदाव्या शतकाच्या आरंभी वारलेल्या, येमेनच्या रसूली घराण्यातील शासक अल-वासिक याच्या कबरीचा संगमरवरही खंबायतचाच. काझरूनी ‘मलिक अल-तुज्जार’, म्हणजे व्यापाऱ्यांचा प्रमुख, म्हणून ओळखला जाई, ही बाबही नजरेआड करू नये. ग्रेसिकच्या किंवा नहरासियाच्या शिळेवर अहमदशहाचे नाव नाही, दूताचा उल्लेख नाही, नजराण्याचाही नाही. वंशावळ कळवायला कापडाच्या गाठी घेऊन येणारा नाखवा पुरेसा होता. राणीने उत्तम दगड मागवला, एवढेच ही शिळा सांगते. तो सुलतानाने पाठवला, असे ती कुठेच म्हणत नाही.

मलाक्कावासी :
सल्तनतींचा संबंध कबरशिळेतून दिसतच नाही, असा याचा अर्थ होऊ नये. पुढच्या काळातील, उत्तर सुमात्रातीलच आचे या सल्तनतीचे उदाहरण पाहा. सुलतान इस्कंदर सानी (१६३६–४१) हा मूळचा मलाय द्वीपकल्पातील पाहंग या राज्याचा राजपुत्र. त्याने आपल्या आप्तांच्या कबरींसाठी पाहंगला शिळा पाठवल्याचे वर्णन ‘बुस्तान अस-सलातीन’ या ग्रंथात आहे. तो लिहिणारा नूरुद्दीन अर-रानिरी हा सुरतेजवळच्या रांदेरचा! इथे शिळाही आहे आणि तिच्या पाठवणीची समकालीन नोंदही आहे. राजघराण्यांमधील नाते याहून स्पष्ट काय असणार?

शिलालेखी :
पाहंगचे उदाहरण मला पूर्ण मान्य आहे, कारण तिथे नोंद बोलते. केवळ घडणीवर विसंबलो तर काय होते, ते मलाय द्वीपकल्पाच्या दक्षिण टोकाच्या जोहोर सल्तनतीत दिसते. आचेने १६१३ मध्ये जोहोरवर स्वारी करून राजधानी लुटली, तरी आचेच्या घडणीच्या कबरशिळा जोहोरातही सापडतात. उद्या कोणी त्यांवरून दोघांत सलोखा होता असे लिहिले, तर ते इतिहासाशी विसंगत ठरेल.

दर्यावर्दी :
जोहोरचा मुद्दा वजनदार आहे, पण तो माझ्या मुद्द्याला पूर्ण छेद देत नाही. राणीच्या कबरीसाठी महागडा संगमरवर मागवायचा, त्यावर घराण्याची परंपरा कोरून घ्यायची आणि तो समुद्रापारच्या बंदरातूनच आणायचा, हा निर्णय दरबाराचा होता. व्यापारी त्याचे वाहक होते. म्हणून ‘गुजरातच्या सुलतानाने पाठवली’ असा दावा मी करणार नाही, पण पासैच्या दरबाराने खंबायतेकडे पाहून आपली प्रतिष्ठा मांडली, हे म्हणणे सोडणारही नाही. यापुढचा वाद अक्षरवळणावर सोडवता येईल : वंशावळीची अक्षरे आणि आयतींची अक्षरे एकाच हातची आहेत की नाव नंतर सुमात्रात कोरले गेले, हे शिळांवरून कागदावर घेतलेल्या ठशांवरून ताडून पाहायला हवे.