गटाची भाजी थेट सोसायटीत: अनुदान कशाला मिळतं?

प्रश्न: जुन्नरहून पुण्यातल्या सोसायट्यांना थेट भाजी द्यायची आहे. १२ शेतकऱ्यांचा गट आहे. प्रतवारी शेड आणि गाडीसाठी अनुदान कुठून मिळेल?

उत्तर १: दादा, ताज्या भाजीसाठी पीएमएफएमई (प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजना) धरू नका, ती प्रक्रियेची योजना आहे. शेड, शीतवाहनासाठी कृषी पायाभूत सुविधा निधी ही केंद्राची कर्जयोजना बघा. २ कोटींपर्यंतच्या कर्जावर ७ वर्षं ३ टक्के व्याजसवलत मिळते. रोख अनुदान नाही, आणि किमान १० टक्के स्वतःचे घालावे लागतात.

उत्तर २: उरलेल्या टोमॅटोची प्युरी करणार असाल तर मात्र पीएमएफएमई उत्तम! प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के अनुदान, एका उद्योगाला कमाल १० लाख. पण हा पैसा लगेच हातात येत नाही, कर्जखात्याशी ३ वर्षं बांधलेला राहतो. अनुदानाइतक्या कर्जावर व्याज लागत नाही, पण खातं थकलं तर अनुदानही जातं. हप्ते सांभाळा.

उत्तर ३: महाराष्ट्रात २०१६ पासून फळं-भाजीपाला नियमनमुक्त आहे, त्यामुळे बाजार समितीतून जायची सक्ती नाही. खरी नासाडी क्रेटमध्ये होते. मेथी ओली रचली की मधल्या जुड्या तापून पिवळ्या पडतात. पाणी पूर्ण निथळू द्या, जुड्या उभ्या लावा, वर ओलसर गोणपाट टाका.