‘स्टाइल्स’मधलं विष : ख्रिस्तीबाईंनी वाचकाला फसवलं का?

निशिगंध
(युक्ती फोडली आहे, खुनी कोण ते नाही.)
अगाथा ख्रिस्तींची पहिली कादंबरी, १९२० ची ‘द मिस्टीरियस अफेअर ॲट स्टाइल्स’. ‘स्टाइल्स’ या वाड्याच्या मालकीण इंग्लथॉर्पबाई स्ट्रिक्निन या विषाने मरतात. त्यांच्या टॉनिकमध्ये ते मुळातच अल्प प्रमाणात असतं. कुणीतरी बाटलीत ब्रोमाइडची झोपेची पूड घालतं, स्ट्रिक्निनचा साका तळाशी बसतो आणि शेवटच्या डोसात बहुतेक सगळं एकदम पोटात जातं. गुप्तहेर पॉयरो हे औषधं बनवण्याच्या पुस्तकातून वाचून दाखवतो, तेही अगदी शेवटी. रसायनशास्त्र न शिकलेल्या वाचकाला कसं कळावं? हा सरळ अन्याय आहे.

टेहळणी
अजिबात पटलं नाही. चौकशीत मोलकरीण डॉर्कस सांगते की टॉनिक नवं नव्हतं, उलट शेवटचा डोस बाईंनी मृत्यूच्याच दिवशी घेतला. ब्रोमाइडच्या पुड्यांची रिकामी डबी पॉयरोला सापडते. त्याच घरात राहणारी सिंथिया इस्पितळात औषधं बनवते. स्ट्रिक्निन इतकं कडू की ७०,००० भागांत १ भाग असलं तरी जिभेला कळतं, बाईंच्या रात्रीच्या कोकोत ते लपणार नाही, हेही आधीच येतं. मग उरलं काय? कडू टॉनिक!

निशिगंध
टॉनिकवर संशय येईल, मान्य. पण ‘दोन औषधं एकत्र आली की साका बसतो’ हा दुवाच वाचकाच्या हाती नाही. शिवाय बाटली हलवली असती तर साका प्रत्येक डोसात वाटला गेला असता, बेत फसला असता. औषध ओतणारी व्यक्ती बाटली न हलवण्याची काळजी घ्यायची, हे कळतं कधी? उलगड्यात! रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्सने १९२९ मध्ये रहस्यकथांसाठी घालून दिलेल्या नियमांत, शेवटी लांबलचक शास्त्रीय खुलासा करावा लागेल असं साधन नको, असं स्पष्ट आहे.

टेहळणी
नियम नऊ वर्षांनी आले, ते मागे लावू नका. आणि खुलासा लांबलचक कुठे आहे? पुस्तकातला एक उतारा, बस्स.

उत्तररात्र
न्यायाचं बोलायचं तर निशिगंध यांच्या बाजूने. पण हे ज्ञान हवेतून आलेलं नाही, तेही बघा. पहिल्या महायुद्धात ख्रिस्तीबाई इंग्लंडमधल्या टॉर्की गावच्या इस्पितळात आधी परिचारिका होत्या, मग औषधं बनवायच्या खोलीत गेल्या. कादंबरी लिहिली १९१६ मध्ये, औषधनिर्मितीची परीक्षा त्या १९१७ मध्ये पास झाल्या. ब्रिटनच्या ‘फार्मास्युटिकल जर्नल’ने विषाच्या अचूकपणाबद्दल पुस्तकाची तारीफ केली होती. औषधं बनवणाऱ्याला हे कोडं सुटतं, इतरांना नाही. दोष शास्त्रात नाही, पेरणीत आहे. साका बसलेली एखादी बाटली सिंथियाच्या औषधांच्या खोलीत कथा सांगणाऱ्या हेस्टिंग्जला दिसली असती, तर माझी काही तक्रार नव्हती.

टेहळणी
तसं केलं असतं तर तिसऱ्या प्रकरणातच अर्ध्या वाचकांनी टॉनिकवर बोट ठेवलं असतं.